मोठ्या आतड्याचा वैरी, दह्याचा कैवारी

गोंदिया जिल्ह्यात भात हेच पीक आणि भात हेच अन्न. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानासाठी आणि तांदळाच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो. उन्हाळा तापू लागला, की रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचे आणि सकाळी मीठ-कांद्यासोबत तो आंबूस भात खाऊन कामाला निघायचे, ही इकडच्या कष्टकरी घरांतली जुनी रीत. देवरी, सालेकसा ओलांडून छत्तीसगडात शिरले, की त्याच भाताला बासी म्हणतात. जोडीला कुठे ताक असते, कुठे आंबील असते. हे का खायचे, असे घरातल्या आजीला विचारले तर पोटाला बरे असते, यापलीकडे ती काही सांगणार नाही. तिला त्याची गरजही वाटत नाही.

शहरातल्या माणसाला मात्र कारण लागते आणि त्या कारणाला एखादे भारदस्त नाव असले तर तो जादा पैसेही मोजतो. दुकानातल्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यांवर आणि आंबटगोड दुधाच्या इवल्या बाटल्यांवर ‘प्रोबायोटिक’ हा शब्द आता ठळकपणे झळकतो. पोटात काही जिवाणू मुद्दाम सोडले तर प्रकृती सुधारते, ही कल्पना त्या एका शब्दामागे उभी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती ठामपणे जगापुढे मांडणारा माणूस वैद्य नव्हता, शल्यचिकित्सक नव्हता, गवळी तर नव्हताच. तो प्राणिशास्त्रज्ञ होता. तारुण्यात दोनदा मरणाच्या दारात स्वतःहून गेलेला आणि उतारवयात दीर्घायुष्याचा प्रचारक झालेला. त्याचे नाव इल्या इल्यिच मेचनिकॉफ. त्याचा एक धागा थेट मुंबईच्या परळपर्यंत येऊन पोहोचतो, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या गार्ड सैन्यातले अधिकारी, आई ज्यू वंशाच्या लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या धाकटा. चंचल, हट्टी आणि किडामुंगी, झाडपाला यांत रमणारा. आसपासच्या मुलांना गोळा करून तो निसर्गविज्ञानावर व्याख्याने देई आणि श्रोते टिकावेत म्हणून त्यांना पदरचे पैसे देई. ऐकणाऱ्याला पटवून दिल्याशिवाय चैन न पडण्याचा हा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला. त्यातून त्यांना कीर्तीही मिळाली आणि मनस्तापही.

खारकॉव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि समुद्रातल्या क्षुद्र जिवांचा अभ्यास करण्यासाठी ते जर्मनी व इटलीत हिंडले. १८६५ मध्ये गीसेन येथे एका चपट्या कृमीचे निरीक्षण करताना त्यांना दिसले, की या जिवात अन्न पोटाच्या पोकळीत पचत नाही. पेशी अन्नाचे कण आपल्या आत ओढून घेतात आणि तिथेच जिरवतात. वीस वर्षांच्या तरुणाचे हे निरीक्षण त्या वेळी फार गाजले नाही. पण मेचनिकॉफ यांच्या सगळ्या पुढच्या विचाराचे बीज त्यातच आहे. पचन ही त्यांच्या लेखी केवळ जेवणानंतरची क्रिया नव्हती, तर जीव आणि बाहेरचे जग यांच्यातला मूळ व्यवहार होता.

खासगी आयुष्य मात्र ओढगस्तीचे होते. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला फेदोरोविच हिच्याशी विवाह केला. ती क्षयाने इतकी खंगली होती, की चर्चमध्ये तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. हवापालटासाठी तिला घेऊन ते देशोदेशी फिरले, त्यासाठी भाषांतरे केली, कर्जे काढली. १८७३ मध्ये पोर्तुगालच्या मदिरा बेटावर तिचा अंत झाला. मेचनिकॉफ यांची स्वतःची दृष्टीही त्या काळात अधू झाली होती आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणे कठीण झाले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी मॉर्फिन घेऊन जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. मात्रा अति झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले. त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारे अल्पायुषी कीटक त्यांच्या नजरेस पडले. इतक्या थोड्या आयुष्याच्या जिवांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न मनात आला आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे ओढले. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. थोडा रंगवलेला असेल, पण माणसाशी विसंगत नाही.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा या आपल्या तरुण विद्यार्थिनीशी दुसरा विवाह केला. ओडेसा विद्यापीठात ते तेव्हा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वराने घेरले. ती वाचली, पण मेचनिकॉफ पुन्हा खचले. १८८१ मध्ये त्यांनी उलटून उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा आजार रक्तातून पसरतो का, हे पाहायचे होते. आणि त्यात जीव गेला तर तो विज्ञानाच्या कामी येईल, असाही हिशेब होता. आजार झाला, भयंकर झाला, पण ते पुन्हा वाचले. गंमत अशी, की त्यातून उठल्यावर त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही पूर्वीपेक्षा टवटवीत झाले. निराशावादी मेचनिकॉफ तिथे संपले, असे म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी त्यांचा भाऊ इवान, जो सरकारी वकील होता, आजारपणात वारला. त्याच्याच अखेरच्या दिवसांवरून टॉल्स्टॉय यांना ‘इवान इल्यिचचा मृत्यू’ ही कथा सुचली. मृत्यूचे भय आणि त्याचा अर्थ हा विषय मेचनिकॉफ यांच्या घरातच वावरत होता.

१८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाल्यावर विद्यापीठांवरचे दडपण वाढले. १८८२ मध्ये राजीनामा देऊन मेचनिकॉफ कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना या बंदराच्या गावी गेले. तिथे त्या डिसेंबरात जे घडले, ते जीवशास्त्राच्या इतिहासातले एक लोभस पान आहे. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. एकटे मेचनिकॉफ तारामाशाच्या पारदर्शक डिंभात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. त्यांच्या मनात आले, की या पेशी अन्न जसे गिळतात तसेच बाहेरून घुसलेला शत्रूही गिळत असतील का? मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून संत्र्याच्या जातीचे एक झुडूप सजवले होते. बागेतल्या गुलाबाचे काही काटे त्यांनी आणले आणि डिंभाच्या कातडीखाली खुपसले. रात्र तळमळत गेली. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. या पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळाले. ते सुचवले व्हिएन्नाच्या प्राध्यापक क्लाउस यांनी. आपल्या बोटात काटा मोडला की पू का होतो, या रोजच्या गोष्टीला प्रथमच एक सुसंगत उत्तर मिळाले. कृमीच्या पोटातल्या पचनापासून सुरू झालेली वाट रोगप्रतिकारशक्तीपाशी पोहोचली होती.

जर्मनीतल्या अनेक शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. शरीराचे रक्षण रक्तद्रवातली रसायने करतात, पेशी नव्हेत, असा त्यांचा आग्रह होता. हा वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी १९०८ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रसायनांच्या बाजूचे पॉल एर्लिक या दोघांना विभागून देण्यात आले. दोघेही बरोबर होते, हे कळायला विज्ञानाला आणखी काही दशके लागली.

मधल्या काळात १८८६ मध्ये ओडेसात जिवाणुशास्त्र केंद्राचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पण मेचनिकॉफ यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नाही, यावरून स्थानिक डॉक्टर सतत टोमणे मारत. भरीस भर म्हणून सहकाऱ्यांच्या हातून मेंढ्यांना काळपुळीची लस देण्याचा एक प्रयोग फसला. वैतागून त्यांनी पॅरिस गाठले. पाश्चर यांनी त्यांना नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. १८८८ मध्ये उघडलेल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते पुढची अठ्ठावीस वर्षे राहिले.

इथेच आपला परळचा धागा गुंफला जातो. ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू तरुण राजकीय चळवळीमुळे आणि धर्मामुळे रशियात कोंडला गेला होता. तो पॅरिसला आला, तेव्हा त्याला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात काम मिळाले. त्याचे नाव वॉल्डेमार हाफकिन. त्याने १८९२ मध्ये पटकीची लस तयार केली, १८९३ मध्ये तो ती घेऊन कोलकात्याला आला आणि १८९६ च्या ऑक्टोबरात प्लेगने हाहाकार उडालेल्या मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात तयार केलेली प्लेगची लस त्याने १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव मिळाले. प्रयोग आधी स्वतःवर, हा धडा शिष्याने कोणाकडून घेतला असेल, हे सांगायला नको.

कारण गुरूही त्याच सुमारास पॅरिसमध्ये पटकीच्या जंतूंनी भरलेला पेला तोंडाला लावत होते. पटकीचा जंतू पोटात गेला तरी काही जण आजारी पडतात आणि काही पडत नाहीत, असे का, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी ते जंतू प्यायले आणि त्यांना काहीच झाले नाही. मग सहकाऱ्यांनी स्वेच्छेने प्यायले. त्यांतला एक तरुण मात्र मरता मरता वाचला. अशा प्रयोगाला आज कोणतीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मेचनिकॉफ यांनी काढलेला निष्कर्ष मात्र दूरगामी होता. आतड्यात आधीच वस्तीला असलेले इतर जिवाणू पटकीच्या जंतूला कधी मदत करतात, कधी अडवतात, असे त्यांना वाटू लागले. आतडे ही रिकामी नळी नसून गजबजलेली वस्ती आहे, आणि नव्या पाहुण्याचे काय होणार हे त्या वस्तीवर अवलंबून आहे, हा विचार त्या काळी नवा होता. याच संस्थेत हेन्री तिसिए यांनी शतक बदलण्याच्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत एका विशिष्ट जिवाणूचे प्राबल्य दाखवले. आज आपण त्याला बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो. डब्यांवरच्या बारीक अक्षरांत हे नाव अनेकदा सापडते.

वय साठीकडे झुकू लागले तसा मेचनिकॉफ यांना म्हातारपणाचा ध्यास लागला. १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव दिले, ते आजही चालते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: म्हातारपण हा निसर्गनियम नसून एक जुनाट विषबाधा आहे आणि विषाचे कोठार म्हणजे मोठे आतडे. तिथे अन्नाचा उरलासुरला भाग कुजतो, कुजवणारे जिवाणू विषे तयार करतात आणि ती रक्तात मिसळून धमन्या व पेशी झिजवतात. सस्तन प्राण्यांना मोठे आतडे मिळाले तेच मुळी शत्रूपासून पळताना वाटेत शौचाला थांबावे लागू नये म्हणून, असा त्यांचा तर्क होता. पोपटासारख्या पक्ष्यांचे मोठे आतडे तोकडे असते आणि ते दीर्घकाळ जगतात, हा पुरावा. लंडनचे शल्यचिकित्सक सर आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढत होते, त्यांच्या शस्त्रक्रियांनाही याच विचाराचे पाठबळ होते. स्वतः मेचनिकॉफ त्या वाटेने गेले नाहीत. आतडे काढण्यापेक्षा त्यातली वस्ती बदलावी, असे त्यांचे मत होते.

वस्ती बदलायची कशी? उत्तर त्यांना स्वयंपाकघरात सापडले. दूध नासते, पण विरजण लावलेले दूध नासत नाही. त्यातला आम्लाचा अंश कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही. जे मडक्यात घडते ते आतड्यात का घडू नये? बल्गेरियाच्या खेड्यांत शंभरी गाठलेली माणसे पुष्कळ आढळतात आणि तिथे आंबट दूध रोजच्या जेवणात असते, अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. १९०५ मध्ये जिनिव्हात प्राध्यापक मासोल यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातला लांबट जिवाणू वेगळा करून दाखवला. लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस या नावाने तो जगभर गेला.

हा सगळा युक्तिवाद आपल्यासारख्या ताकपिणाऱ्या वाचकाला आकर्षक वाटतो, पण तो किती ठिसूळ होता, हेही पाहिले पाहिजे. बल्गेरियातल्या शतायुषींच्या जन्मनोंदी कोणी तपासल्या होत्या? आंबट दूध पिऊनही साठीत गेलेले किती, हे कोणी मोजले होते? त्यांच्या शतायुष्याचे श्रेय डोंगरातल्या कष्टांना द्यायचे, साध्या जेवणाला, की दह्याला? मेचनिकॉफ यांच्याकडे उत्तर नव्हते. काट्याभोवतीच्या पेशी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दह्याच्या बाबतीत मात्र ते आधी विश्वास ठेवून मग पुरावा शोधत होते. एकाच माणसाच्या हातून विज्ञान इतक्या वेगवेगळ्या दर्जाचे घडू शकते, ही गोष्ट नोबेलच्या वलयापुढे दिपून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

८ जून १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले आणि त्यात आंबट दुधाचा उल्लेख केला. वृत्तपत्रांना तेवढे पुरले. म्हातारपणावर औषध सापडले, अशी हवा झाली. युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्या, पुड्या, विरजणे दिसू लागली. दही म्हणजे चिरतारुण्य असे आपण म्हटलेले नाही, असा खुलासा मेचनिकॉफ यांना वेगळी पुस्तिका काढून करावा लागला, पण खुलासे वाचतो कोण? त्यांच्या नावाचा आधार घेऊन धंदा करणारी मंडळी पुढे सरसावली. त्यातून पतीने स्वतः कवडीही घेतली नाही, असे ओल्गा यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रात नोंदवले आहे. अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग यांनी तर आपल्या आरोग्यधामात दही रुग्णांना खाऊ घातलेच, शिवाय बस्तीवाटेही दिले. उत्साहाला काही धरबंध?

स्वतः मेचनिकॉफ यांचा नेम कडक होता. साधारण १८९८ पासून ते रोज आंबवलेले दूध घेत. कच्चे काही खात नसत, फळेसुद्धा उकळत्या पाण्यातून काढून घेत. मद्य वर्ज्य होते. १९०९ च्या मे महिन्याअखेरीस त्यांनी यास्नाया पोल्याना येथे टॉल्स्टॉय यांची भेट घेतली. एका बाजूला विज्ञान माणसाला मृत्यूच्या भयातून सोडवील असे मानणारे, दुसऱ्या बाजूला ते काम धर्माचे आणि अंतःकरणाचे आहे असे मानणारे. दिवस आनंदात गेला, मते मात्र जागची हलली नाहीत. मेचनिकॉफ यांची एक लाडकी कल्पना अशी होती, की माणूस निरोगी राहून पुरेसे दीर्घ जगला तर दिवसभराच्या श्रमानंतर झोप यावी तशी त्याला मरणाची नैसर्गिक ओढ वाटू लागेल. आपण मरणाला भितो, कारण आपण अवेळी मरतो. पंचविशी-पस्तिशीत अवेळीच मरण मागणाऱ्या माणसाने साठीत हे लिहिले, हे लक्षात घेतले की त्यांच्या दह्याच्या आग्रहामागे काय होते ते थोडे उमगते.

त्यांच्या सिद्धांताचे पुढे काय झाले? १९१९ मध्ये आयझॅक कारासो यांनी बार्सिलोनात पाश्चर इन्स्टिट्यूटच्या विरजणावर दही बनवायला सुरुवात केली. ते प्रथम औषधांच्या दुकानांतून विकले जाई. त्यांची डॅनोन पुढे जगभर पसरली. १९२१ मध्ये येल विद्यापीठाच्या रेटगर आणि चेपलिन यांनी मात्र दाखवले, की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही. म्हणजे मूळ आधारच निसटला. तेव्हा संशोधकांनी आतड्यात तग धरणारे जिवाणू शोधायला सुरुवात केली. क्योतोत मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये असा एक वाण वेगळा केला आणि १९३५ मध्ये याकुल्टची बाटली बाजारात आली. मोठे आतडे विषाचे कोठार आहे, हे मतही टिकले नाही. तिथले जिवाणू आपल्याला न पचणारे तंतू आंबवून आतड्याच्या अस्तराला पोषण देतात, हे आज पक्के ठाऊक आहे. ज्याला मेचनिकॉफ शत्रूचे घर समजले, ते घर आपलेच निघाले.

आणि तरीही त्यांचा मूळ प्रश्न जिवंत आहे. कोलकात्याच्या झोपडपट्टीत ३,७५८ बालकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरोतांच्या वाणाने अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. म्हणजे फायदा खरा, पण माफक. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र एका निवडक जिवाणूने, त्याच्या खाद्यासह दिल्यावर, जंतुदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आणले. दुसरीकडे अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये बहुतेक पोटविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले, आणि तिथल्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते देण्यातल्या धोक्याचा इशारा दिला. कोणता जिवाणू, किती, कोणाला आणि कशासाठी, यावर सारे अवलंबून आहे. साध्या दह्यापुरती एक गोष्ट तेवढी पक्की ठरली आहे: ज्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि आपल्याकडे असे प्रौढ भरपूर आहेत, त्यांना जिवंत विरजणाच्या दह्यातून ती पचायला मदत होते. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये हा दावा मान्य केला.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ मध्ये केलेली व्याख्याही नेमकी आहे. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर घेणाऱ्याला आरोग्याचा लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, तेच प्रोबायोटिक. या कसोटीवर आपले घरगुती पदार्थ लावून पाहिले तर गमतीचे चित्र दिसते. ज्वारीचे पीठ आंबवून शिजवलेल्या आंबिलीत जिवाणू बहुतेक मेलेले असतात. कढीचेही तेच. ती प्रोबायोटिक नव्हेत, पण म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. आंबवल्याने धान्य पचायला हलके होते, ते शिजवल्यावरही हलकेच राहते. ताकात आणि गोंदियाच्या सकाळच्या आंबूस भातात जिवाणू जिवंत असतात, पण कोणते आणि किती, हे दर घरी, दर दिवशी बदलते, आणि त्यांची चाचणी कोणी घेतलेली नसते. शिवाय पाण्याखाली आंबलेला भात वेगळा आणि उन्हाळ्यात भांड्यात तसाच राहिलेला शिळा भात वेगळा. दुसऱ्यात विषबाधा करणारे जंतू माजू शकतात. आजीला हा फरक वासावरून कळतो. डबीवरचे लेबल वाचणाऱ्याला तो शिकावा लागतो.

मेचनिकॉफ यांना १९१३ मध्ये हृदयविकाराचा पहिला मोठा झटका आला. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतले तरुण आघाडीवर गेले, प्रयोगांसाठी पाळलेले प्राणी मारावे लागले आणि ज्या संस्थेत दिवसरात्र गजबज असे तिथे शांतता पसरली. विज्ञान माणसाला शहाणे करील, या त्यांच्या श्रद्धेला हा मोठा धक्का होता. १९१५ मध्ये त्यांनी सत्तरी पूर्ण केली. त्यांच्या घरात हृदयविकार होता, भावंडे आधीच गेली होती. आपण एवढे जगलो हेच आपल्या आहारनियमांचे फळ, असे ते समजत. अर्थात, त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केलेल्या नेमावरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, हेही त्यांना कळत होते.

१५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते गेले. अखेरपर्यंत ते आपल्या नाडीच्या, श्वासाच्या, झोपेच्या नोंदी ठेवत होते आणि मरणाची ती नैसर्गिक ओढ खरोखर जाणवते का, याकडे लक्ष ठेवून होते. सहकारी डॉ. सालिंबेनी यांच्याकडून त्यांनी शवविच्छेदन करण्याचे वचन घेतले होते आणि आतडी नीट तपासायला बजावले होते. देहाचे दहन झाल्यावर त्यांच्या अस्थी एका कलशात भरून पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवण्यात आल्या. ओडेसाहून आलेल्या हाफकिनला पॅरिसमध्ये पहिले काम मिळाले होते, तेही याच संस्थेच्या ग्रंथालयात.